पडलेल्या झाडांवरून वारा वाचणारा माणूस

टोर्नेडो किती विध्वंसक होता हे सांगताना अमेरिकेत आजही ज्यांचे नाव घेतले जाते, ते शास्त्रज्ञ जन्माने अमेरिकन नव्हते. इतकेच नव्हे, तर एकसष्ट वर्षांचे होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकही टोर्नेडो पाहिलेला नव्हता. तेत्सुया फुजिता हे त्यांचे नाव. १९२० साली जपानच्या क्युशू बेटावर जन्मलेला हा यंत्र-अभियंता १९५३ मध्ये शिकागोला गेला आणि अमेरिकेच्या आकाशाच्या प्रेमात पडला तो कायमचा. १९६८ साली अमेरिकन नागरिकत्व घेताना त्यांनी आपल्या नावात 'थिओडोर' असे अस्सल अमेरिकन नावही जोडून घेतले.

सुरुवातीलाच एक खुलासा. टोर्नेडो म्हणजे आपल्याकडील समुद्रावरून येणारे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळाचा व्यास शेकडो किलोमीटर असतो आणि ते कित्येक दिवस टिकते. टोर्नेडो हा गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत पोचलेला, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, क्वचित दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त आणि आयुष्य काही मिनिटांचे, क्वचित तासाभराचे. अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडो होतात. जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात इतके होत नाहीत.

याचे कारण भूगोलात आहे. दक्षिणेकडे मेक्सिकोचे उबदार आखात, पश्चिमेला रॉकी पर्वत आणि या दोहोंच्या मध्ये हजारो किलोमीटर पसरलेले सपाट मैदान. वसंत ऋतूत आखाताकडून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते आणि तिच्यावरून पश्चिमेची कोरडी, थंड हवा अधिक वेगाने वाहते. दोन थरांचा वेग आणि दिशा निराळी, त्यामुळे मधली हवा गोल फिरू लागते. वर्गात हे दाखवायला एक पेन्सिल पुरते. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल आडवी धरा आणि वरचा तळवा पुढे सरकवा. पेन्सिल स्वतःभोवती फिरते, पण आडवी. आता तीच फिरती पेन्सिल उभी केली तर? ढगातील वर चढणारा जोरदार प्रवाह नेमके हेच काम करतो. आडवी घिरकी तो उभी करतो. अशा प्रत्येक फिरत्या ढगातून टोर्नेडो मात्र निघत नाही. कोणत्या ढगातून निघेल हे आधी ओळखणे आजही अवघड आहे.

फुजितांना या विषयाकडे खेचून नेणारी गोष्ट जपानमध्येच घडली होती. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबाँब घेऊन निघालेल्या विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. फुजिता तेव्हा त्या शहराजवळच्याच एका तांत्रिक महाविद्यालयात शिकवत होते. कोकुरावरील आकाश झाकोळलेले असल्याने विमान पुढे गेले आणि बाँब नागासाकीवर पडला. त्यानंतर काही आठवड्यांनी फुजिता विद्यार्थ्यांसह नागासाकी व हिरोशिमा येथे पाहणीसाठी गेले. ज्या ढगांमुळे आपण वाचलो त्याच ढगांमुळे मेलेल्या माणसांच्या शहरात हा चोवीस वर्षांचा तरुण मोजपट्टी घेऊन फिरत होता. त्या वेळी त्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करणे आम्हाला कठीण वाटते. वस्तूंवर उमटलेल्या भाजल्याच्या खुणा आणि त्यांच्यामागे राहिलेल्या सावल्या यांच्या कोनांवरून स्फोट किती उंचीवर झाला असावा हे त्यांनी काढले. उत्तर आले सुमारे अर्धा किलोमीटर. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली. स्फोटाच्या बरोबर खाली असलेली काही झाडे फांद्या गमावूनही उभी होती. थोडी दूरची झाडे मात्र आडवी झालेली, आणि सगळ्यांचे शेंडे बाहेरच्या दिशेला. आकाशातून पाहिले तर चांदणीच्या किरणांसारखे दिसेल असे ते चित्र होते. वरून खाली आदळलेला दाब जमिनीला धडकून चहूकडे पसरला, असा त्याचा अर्थ.

दोन वर्षांनी, १९४७ च्या ऑगस्टमध्ये, सेफुरी डोंगरावरील वेधशाळेत त्यांनी एका गडगडाटी वादळाच्या वाऱ्याच्या व वायुदाबाच्या नोंदी घेतल्या. गडगडाटी ढगात हवा वर चढते हे सर्वांना ठाऊक होते. फुजितांच्या नोंदी सांगत होत्या की त्याच ढगातून थंड हवा जोरात खालीही उतरते. आपल्या वाचकांना हे पटवून द्यायला नको. मे महिन्यात वळवाचा पाऊस येण्याआधी धुळीचा लोट उठवत जो गार वारा अंगावर येतो, तो ढगातून उतरून जमिनीवर पसरलेल्या हवेचाच वारा असतो. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून पडताना बाष्पीभवनाने तिला गार करतात. गार हवा जड होते आणि थेंबांबरोबर खाली येते.

त्याच डोंगरावर अमेरिकन सैन्याचे रडार केंद्र होते. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकून दिलेला एक इंग्रजी शोधनिबंध फुजितांच्या हाती पडला. लेखक होते शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स. अमेरिकन सरकारने १९४६-४७ मध्ये विमाने आणि रडार वापरून गडगडाटी वादळांचा जो मोठा अभ्यास केला, त्याचे ते प्रमुख होते. एवढ्या फौजफाट्याने त्यांना जे दिसले त्यातले बरेचसे फुजितांनी मोजक्या उपकरणांवर ओळखले होते. त्यांनी टाइपरायटर मिळवला, आपला निबंध इंग्रजीत टंकलिखित करून बायर्सना पाठवला आणि पुढे शिकागोचे निमंत्रण आले. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. एका अनोळखी जपानी शिक्षकाच्या पत्राला बायर्सनी दिलेला हा प्रतिसाद आम्हाला अमेरिकन विद्यापीठांच्या सर्वोत्तम गुणांपैकी एक वाटतो.

अमेरिकेत टोर्नेडोची भीती जुनी, पण अभ्यास तोकडा होता. लोक घाबरतील म्हणून हवामान खाते पूर्वी कित्येक वर्षे अंदाजात हा शब्दसुद्धा वापरत नसे. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर वायुदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज दिला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटू लागली. इथल्या माणसांना टोर्नेडो हे दैवासारखे झाले होते: भोंगा वाजला की तळघरात जायचे आणि वादळ गेले की घर पुन्हा बांधायचे. बाहेरून आलेल्या फुजितांना मात्र त्याच देशाच्या रोजच्या सवयींमध्ये उपकरणे दिसली.

पहिले उपकरण म्हणजे घरोघरी असलेला कॅमेरा. २० जून १९५७ रोजी नॉर्थ डाकोटातील फार्गो शहरात टोर्नेडो आला. गावातल्या कितीतरी लोकांनी त्याची छायाचित्रे काढली होती. फुजितांनी ती दीडशेच्या वर गोळा केली, फार्गोला जाऊन प्रत्येक छायाचित्रकार नेमका कुठे उभा होता ते शोधले आणि छायाचित्रातील इमारती व खांब यांची मोजमापे घेतली. यापुढचे गणित नववीच्या समरूप त्रिकोणांचे आहे. समजा, ६० मीटर अंतरावरचा ६ मीटर उंचीचा खांब छायाचित्रात जेवढा उंच दिसतो, तेवढाच उंच ५ किलोमीटरवरचा टोर्नेडो दिसतो. मग त्याची उंची अंतराच्या एक दशांश, म्हणजे ५०० मीटर. दोन वेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेली छायाचित्रे असली की अंतरही काढता येते. अशा रीतीने फुजितांनी ढगाचा जन्मापासून शेवटपर्यंतचा प्रवास मिनिटामिनिटाने मांडला. टोर्नेडो ज्याच्याखाली उतरतो त्या लोंबत्या फिरत्या ढगाला त्यांनी 'भिंत-ढग' म्हटले, आणि ते नाव आज सर्व जगात रूढ आहे.

दुसरे उपकरण जमीनच होती. अमेरिकेच्या मध्यभागातील शेतजमीन १७८५ च्या कायद्यानुसार मैल-मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे आणि रस्तेही बहुधा त्याच रेषांवरून जातात. विमानातून पाहणाऱ्याला जणू आलेखाचा कागदच अंथरलेला मिळतो. फुजिता छोट्या विमानातून टोर्नेडोच्या मार्गावर तासन् तास घिरट्या घालत छायाचित्रे काढत. मक्याच्या शेतात त्यांना वेटोळ्या खुणा दिसल्या. या खुणा एखादी जड वस्तू फरफटत गेल्याच्या आहेत असा समज होता. फुजितांनी जवळून पाहिले तेव्हा त्या खुणा नव्हेत, तर मक्याच्या खुंटांच्या व काडीकचऱ्याच्या रचलेल्या ओळी निघाल्या. मोठ्या भोवऱ्याच्या पोटात छोटे भोवरे फिरत असतात आणि प्रत्येक जण आपापला केर एका ओळीत टाकत जातो, हा त्यांचा निष्कर्ष. एक घर भुईसपाट आणि शेजारचे शाबूत, या जुन्या कोड्याचे उत्तरही यातच होते.

१९७१ मध्ये त्यांनी पत्नी सुमिको यांच्या मदतीने टोर्नेडोची प्रतवारी तयार केली. एफ-० ते एफ-५. एफ-० म्हणजे धुराडी व फांद्या मोडणे. एफ-२ म्हणजे छपरे उडणे, चाकांवरची तकलादू घरे चक्काचूर होणे. एफ-५ म्हणजे मजबूत लाकडी घर पायावरून उचलले जाऊन नाहीसे होणे. टोर्नेडोच्या पोटात वेगमापक टिकत नाही, म्हणून नुकसानीवरून वेग ठरवायचा. कल्पना नामी, पण तिच्यात एक अडचण आहे. घर कशाने बांधले, भिंती पायाला बोल्टने जोडल्या होत्या की नुसत्या खिळ्यांनी, यावर नुकसान ठरते. एफ-५ ला ताशी ४२० ते ५१२ किलोमीटर वेग दिलेला होता. पुढे अभियंत्यांनी दाखवले की तसे नुकसान याहून बऱ्याच कमी वेगानेही होते. म्हणून २००७ पासून अमेरिकेत सुधारित प्रतवारी वापरतात. तिच्यात सर्वोच्च श्रेणी ताशी सुमारे ३२२ किलोमीटरच्या पुढे सुरू होते. शिवाय ही मोजपट्टी मुळातच अमेरिकन घरांची आहे. कौलारू किंवा पत्र्याच्या घरांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही. आपल्या उपखंडात टोर्नेडो होत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात एका टोर्नेडोत सुमारे तेराशे माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि २४ मार्च १९९८ रोजी ओरिसा-बंगाल सीमेवर शंभराहून अधिक.

फुजितांचे सर्वांत मोलाचे काम मात्र टोर्नेडोबाहेरचे आहे. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो झाले, तीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांच्या मार्गांवरून विमानाने फिरताना वेस्ट व्हर्जिनियातील एका जंगलात फुजितांना झाडे फिरून पडलेली नव्हे, तर एका बिंदूपासून चहूकडे पडलेली दिसली. नागासाकीचेच चित्र. इथे तर कोणताही बाँब फुटला नव्हता.

पुढच्या वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे ६६ क्रमांकाचे विमान कोसळले आणि ११३ जण मृत्युमुखी पडले. आधी उतरलेल्या एका वैमानिकाने वाऱ्याबद्दल धोक्याची सूचना दिली होती, पण इतर काही विमाने सुखरूप उतरलीही होती. फुजितांनी त्या विमानांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि सांगितले की, धावपट्टीच्या वाटेवर काही मिनिटांपुरता हवेचा एक चिंचोळा झोत खाली आदळत होता. चार किलोमीटरपेक्षा कमी व्यासाच्या अशा झोताला त्यांनी 'मायक्रोबर्स्ट' नाव दिले.

हा झोत इतका घातक का? विमान त्यात शिरते तेव्हा आधी समोरून वारा लागतो. उचल वाढते, म्हणून वैमानिक शक्ती कमी करतो. मग झोत विमानाला खाली दाबतो, आणि लगेच वारा मागून लागतो. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ताशी २६० किलोमीटर आणि वारा ताशी ४० धरला, तर हवेसापेक्ष वेग काही सेकंदांत ३०० वरून २२० वर येतो. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती जवळजवळ निम्मी झाली. जमीन शे-दीडशे मीटर खाली असताना सावरायला वेळच नसतो.

अनेक हवामानशास्त्रज्ञांना हे पटले नाही. खाली येणारा प्रवाह जमिनीजवळ येईतो मंदावणारच, फुजिता नेहमीच्याच वाऱ्याच्या झोताला नवे नाव देत आहेत, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. फुजिता आपले बरेच लेखन स्वतःच्याच प्रयोगशाळेच्या अहवालांतून प्रसिद्ध करत, इतरांच्या तपासणीची फारशी वाट पाहत नसत. पण या वेळी त्यांनी पुराव्याचा मार्ग धरला. १९७८ मध्ये शिकागोजवळ तीन डॉप्लर रडार बसवून केलेल्या 'निमरॉड' या मोहिमेत सुमारे पन्नास मायक्रोबर्स्ट सापडले. १९८२ मध्ये डेन्व्हरजवळच्या मोहिमेत आणखी कितीतरी. तिचे नाव 'जॉज', १९७५ च्या त्या गाजलेल्या शार्कच्या सिनेमासारखेच. याच मोहिमेत १२ जून १९८२ रोजी फुजितांना आयुष्यातला पहिला टोर्नेडो दिसला.

दरम्यान ९ जुलै १९८२ ला न्यू ऑर्लिन्स आणि २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस येथे विमाने याच कारणाने पडली. त्यानंतर वैमानिकांचे प्रशिक्षण बदलले, प्रवासी विमानांत वाऱ्यातील असा बदल ओळखणारी यंत्रे सक्तीची झाली आणि १९९० च्या दशकात मोठ्या विमानतळांवर खास डॉप्लर रडार उभे राहिले. १९९४ नंतर अमेरिकेत मायक्रोबर्स्टमुळे एकही मोठे प्रवासी विमान पडलेले नाही. फुजिता १९९८ च्या नोव्हेंबरात शिकागोत वारले.

त्यांची पद्धत शाळेतही वापरता येते. वळवाच्या वादळानंतर गावात झाडे पडली असतील, तर होकायंत्र आणि गावाचा नकाशा घेऊन निघावे. प्रत्येक झाडाच्या जागी बुंध्याकडून शेंड्याकडे जाणारा बाण काढावा. सगळे बाण जवळजवळ समांतर आले तर वारा एकाच दिशेने वाहून गेला. एका जागेपासून पसरलेले आले तर झोत तिथे उतरला असावा. अरुंद पट्ट्याच्या दोन्ही कडांचे बाण आत, एकमेकांकडे वळलेले दिसले तर भोवऱ्याची शंका घ्यावी. झाडाची जात, घेर आणि ते मुळासकट उपटले की मधूनच मोडले, हेही लिहावे. हे काम लाकडे उचलली जाण्यापूर्वी, म्हणजे बहुधा दुसऱ्याच दिवशी सकाळी करावे लागते. विजेच्या तारा तुटून पडल्या असतील, तर वीज मंडळाची माणसे येऊन जाईपर्यंत मुलांना बाहेर नेऊ नये.