तिसरी कॅश आणि मोहक आकडे

नव्या प्रोसेसरचा आराखडा सिलिकॉनवर उतरण्यापूर्वी सिम्युलेटरमध्ये पारखला जातो. मिशिगन विद्यापीठाचा ‘एम फाइव्ह’ आणि विस्कॉन्सिनचा ‘जेम्स’ यांच्या विलीनीकरणातून घडलेला ‘जेम फाइव्ह’ हा त्यातला बहुपरिचित सिम्युलेटर होय.

कॅश म्हणजे प्रोसेसरलगतची छोटी, वेगवान मेमरी. जेम फाइव्हच्या साध्या, तयार मांडणीत पहिल्या पातळीची कॅश प्रत्येक कोअरची स्वतःची, तर दुसरी सर्वांची सामायिक असते. तिसरी पातळी हवी असल्यास दुसरी कॅश प्रत्येक कोअरला स्वतंत्र द्यावी लागते. त्या सर्व एका क्रॉसबारला, क्रॉसबार तिसऱ्या कॅशला आणि ती मेमरीच्या बसला जोडली जाते.

जोडणीतली चूक बहुधा लगेच उघडी पडते. आकड्यांतली मात्र लपून राहते. दुसऱ्या कॅशची तयार व्याख्या उचलून केवळ आकार वाढवला, तर तिचा २० सायकलींचा विलंबही तसाच उतरतो. अनेक मेगाबाइटची, सर्व कोअरची वर्दळ सोसणारी कॅश प्रत्यक्षात इतकी चपळ नसते. सिम्युलेटर तक्रार करत नाही. उलट निष्कर्ष मोहकच दिसतात! प्रलंबित मागण्या नोंदवणारे कप्पे अपुरे ठेवले, तर उलटे घडते: कोअर एकमेकांची वाट अडवतात आणि दोष चांगल्या आराखड्याच्या माथी येतो. म्हणून शोधनिबंधात कॅशच्या आकाराबरोबर विलंब आणि या कप्प्यांची संख्याही नोंदवणे आवश्यक ठरते.