पोगरवाडीनंतरची दहा वर्षं

गेल्या १७ नोव्हेंबरला कर्नल संतोष महाडिक यांना जाऊन दहा वर्षं झाली. आमच्या चौकात त्यानिमित्त फ्लेक्स लागला होता. वरच्या रांगेत नेते, खालच्या रांगेत इच्छुक उमेदवार, मध्ये उरलेल्या जागेत कर्नल. त्यांचा हुद्दा 'मेजर' छापला होता. अख्ख्या ४१ राष्ट्रीय रायफल्सची कमान सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही परस्पर पदावनती देऊन टाकली. छापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, हार घालणाऱ्यांच्याही नाही. फ्लेक्स आठवडाभर होता.

खरं तर साताऱ्याच्या आसपास तरी ही चूक व्हायला नको होती. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. १९६५, १९७१च्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत: तार आली, रडारड झाली, गावाच्या वेशीवर कमान उभी राहिली. नंतर कारगिल आलं, टीव्ही घरोघर पोचला होता, शवपेट्या गावोगाव येऊ लागल्या आणि अंत्ययात्रांना गर्दी होऊ लागली. त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलं आहे. मला बोलायचंय ते २०१५ नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

पोगरवाडीचा हा मुलगा मूळचा घोरपड्यांचा. आजोळी वाढला आणि महाडिक झाला. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला. फुटबॉल, बॉक्सिंग, घोडेस्वारी हे त्याच्याबद्दल सांगणारा प्रत्येक जण सांगतो. मग सैन्यात २१ पॅरा स्पेशल फोर्सेस, ईशान्येतल्या ऑपरेशन ऱ्हायनोमधल्या कामगिरीसाठी सेना मेडल, आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली ४१ राष्ट्रीय रायफल्स. कुपवाड्यात हाजी नाक्याच्या जंगलात दडलेल्या अतिरेक्यांचा माग चालला होता, तेव्हा कमांडिंग ऑफिसर स्वतः पुढे होते. वय ३८. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. २०१५च्याच जानेवारीत त्रालमध्ये कर्नल एम. एन. राय गेले होते. त्यांच्या मुलीने अंत्यसंस्काराच्या वेळी गोरखा पलटणीची युद्धघोषणा दिली ती देशाने पाहिली. एका वर्षात दोन कमांडिंग ऑफिसर.

सभेतले वक्ते बोलतात तेव्हा महाडिकांचा संगमरवरी पुतळा होतो. जवळची माणसं बोलतात तेव्हा माणूस दिसतो. हा अधिकारी कुपवाड्यातल्या पोरांना खेळाकडे, शिक्षणाकडे वळवू पाहत होता, बंदुकीपलीकडे त्या मुलांचं काही व्हावं म्हणून धडपडत होता, हे त्यांच्याबद्दल सांगणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. फ्लेक्सवर ते येत नाही. तिथे मिशी, तिरंगा आणि आग ओकणारी तोफ एवढंच बसतं. पॅराकमांडोच्या फोटोमागे तोफ का, हे विचारायची सोय नाही.

पोगरवाडीला अंत्यसंस्कार झाले. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा शाळेची पहिली पायरी चढणारा. आणि तिथेच कर्नलांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी ठरवलं की आपण सैन्यात जायचं. नवऱ्याचं पहिलं प्रेम त्याची वर्दी आणि त्याचं युनिट. म्हणून ती वर्दी आपण घालायची, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तेव्हाच्या प्रतिक्रिया मला चांगल्या आठवतात, आणि आज त्यांचा हिशेब मांडायला हरकत नाही. आमच्या ओळखीतल्या एका विद्वान गृहस्थांनी 'भावनेच्या भरात बोलतात बायका, तेराव्यानंतर शांत होतात' असं निदान केलं होतं. दुसऱ्यांचा प्रश्न जास्त सभ्य होता: 'पण मुलांचं काय?' कर्नल कुपवाड्याला गेले तेव्हा हा प्रश्न यांच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. बाप सीमेवर गेला की त्याग आणि आई अकादमीत गेली की हट्ट, असा तो सरळ हिशेब होता.

शांत झाल्या नाहीत त्या. वयाची मर्यादा उलटून गेली होती. लष्करप्रमुख दलबीरसिंग सुहाग यांच्या शिफारशीवरून पर्रीकरांनी सवलत दिली. पण सवलत वयाची होती, निवडीची नव्हती. एसएसबीच्या, म्हणजे लष्करी निवड मंडळाच्या, मुलाखती द्याव्याच लागल्या. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत पंधरा-सोळा वर्षांनी लहान मुलींबरोबर धावावं लागलं, दोरावर चढावं लागलं. मुलं तेव्हा वसतिगृहात होती. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांच्या खांद्यावर तारे लागले. लेफ्टनंट स्वाती महाडिक, आर्मी ऑर्डनन्स कोअर, पहिली नेमणूक पुण्याजवळ देहूरोडला. महार रेजिमेंटचे नायक मुकेशकुमार दुबे यांच्या पत्नी निधी दुबे याही त्याच दिवशी अधिकारी झाल्या. त्यांच्याबद्दल आपण फारसं लिहिलं नाही. नायकाच्या विधवेला कर्नलच्या विधवेइतकी जागा मिळत नाही, वर्तमानपत्रातसुद्धा.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. शौर्यपदकाचा मासिक भत्ता विधवेला मिळत राहायचा असेल तर तिने पुनर्विवाह करायचा नाही, आणि केलाच तर दिराशी, अशी अट सरकारी कागदात होती. संरक्षण मंत्रालयाने ती नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. म्हणजे तोवर एखादीने आपल्या मनाने दुसरं घर मांडलं की नवऱ्याच्या शौर्याचा भत्ता बंद. शहिदांच्या नावाने गळा काढणाऱ्या किती जणांना हे माहीत होतं?

स्वातींनंतर वाट पडली. तवांगला मरण पावलेले मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी नोकरी सोडून त्याच अकादमीत गेल्या. २०१८च्या ऑगस्टमध्ये गुरेझला धारातीर्थी पडलेले मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे; त्यांच्या पत्नी कनिकाही लहान मूल घरच्यांकडे सोपवून गेल्या आणि अधिकारी झाल्या. मे २०२० मध्ये हंदवाड्याला कर्नल आशुतोष शर्मा गेले, महाडिकांनंतर जवळपास साडेचार वर्षांनी गमावलेले कमांडिंग ऑफिसर. सैन्यात यायला त्यांना तेरा प्रयत्न लागले होते. जयपूरला त्यांना निरोप दिला गेला तो टाळेबंदीत. ना लाखोंचा जमाव, ना रस्ताभर फुलं. त्यांच्या पत्नीचा धीर टीव्हीवर पाहिला तेव्हा वाटलं, गर्दी नसली की घरच्यांना निदान नीट उभं तरी राहता येतं.

इथवर मी हा मागोवा जरा समाधानानेच लिहिला असता. मग २०२४ उजाडलं. सियाचीनच्या आगीत सहकाऱ्यांना वाचवताना गेलेले कॅप्टन अंशुमन सिंह यांचं कीर्तिचक्र घ्यायला त्यांची पत्नी राष्ट्रपती भवनात गेली, दोन शब्द बोलली, आणि तिच्या फोटोखाली लोकांनी जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. सासूसासऱ्यांनी वारसांच्या नियमांबद्दल तक्रार केली. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, प्रश्नही विचारण्याजोगा होता. पण बघ्यांना नियम नको होते, त्यांना सून हवी होती, सोलायला. गेल्या वर्षी पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यात नौदलाचे लेफ्टनंट विनय नरवाल मारले गेले. लग्नाला आठवडा झाला नव्हता. नवऱ्याच्या शेजारी बसलेली त्यांची पत्नी, तो फोटो सगळ्यांनी पुढे पाठवला. दहा दिवसांत तीच मुलगी म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आणि त्याच बोटांनी तिला शिव्या टाइप केल्या. फोटोत गप्प होती तोवर देशाची लेक होती. मे महिन्याच्या ३० तारखेला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, तेव्हा अभिमानाचे मेसेज पाठवणारे नंबर मी ताडून पाहिले. बरेचसे तेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढलं. शहरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या भागातलं एक मंडळ दर ऑगस्टला वीरपत्नींचा सत्कार करतं: शाल, श्रीफळ, साडी, आणि प्रत्येकीच्या हातात तिच्या नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो. हेच मंडळ जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू करतं. तिथे त्यांतली एकही नसते. यंदा मी अध्यक्षीणबाईंना विचारलं, बोलावत का नाही?

"अहो, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं."

"विचारलंत?"

"विचारायचं कसं हो, बरं दिसतं का ते?" आणि त्यांनी मला पुढच्या ऑगस्टसाठी वर्गणीचं पावतीपुस्तक काढून दाखवलं.