गवती चहा : नाव एक, गवते अनेक



उसाच्या पत्रिकेत गवताची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण ऊसही गवताच्याच कुळातला, आणि आपल्या एका सभासदाचे गवतापायी नुकसान झाले. त्यात दोष माझाही आहे, म्हणून लिहितो.

या सभासदाची सासुरवाडी मुरबाड तालुक्यात. माळशेज उतरून आम्ही दोघे गेलो तेव्हा पावसाची झड लागलेली. ओटीवर चहा आला तो असा घमघमणारा, की मी कसला म्हणून विचारले. वहिनी म्हणाल्या, "पातीचा चहा हाय सायेब, दुसरं काय नाय." परतीच्या वाटेवर शहापूरच्या बाजारात त्याच्याच जुड्या दिसल्या. तिथे कोणी पात म्हणे, कोणी हिरवा चहा. आपण घाटावर म्हणतो गवती चहा.

सभासदाने दहा गुंठे लावायचे ठरवले. रोपवाटिकेतून 'गवती चहा' म्हणून ठोंब आले. मी बांधावरूनच पाहून "हाच तो" म्हणालो. पान चुरगळून वास घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. निघाला सिट्रोनेला! चहात टाकला तर डासांच्या मलमाचा वास, आणि बाजारात जुडीला गिऱ्हाईक नाही.

मग या नावाच्याच मागे लागलो. 'चहा' हा शब्द मूळचा चिनी, 'चा'. खुष्कीच्या मार्गाने इराणात जाऊन त्याचा 'चाय' झाला. चीनच्या फूक्येन किनाऱ्यावरच्या 'ते'चा इंग्रजांनी 'टी' केला. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला १८३९ साली. म्हणजे गवत जुने, पण त्याचे हे नाव चहा आल्यानंतरचेच. सीमेपलीकडे कानडीत त्याला 'मज्जिगे हुल्लू' म्हणतात, म्हणजे ताकाचे गवत, कारण तिकडे ते ताकात घालतात. मल्याळीत 'इंचिप्पुल्लु', आल्याचे गवत. ज्याने जे प्यावे, त्याने तसे नाव ठेवावे! शास्त्रज्ञांनी या सगळ्या गोताला 'सिंबोपोगॉन' म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नावेची दाढी. तुऱ्याचा आकार तसा म्हणून. आपल्या गवती चहाला मात्र तुरा सहसा येतच नाही. उसासारखीच त्याची लागण बियाण्याने नव्हे, ठोंबाने.

याच गोतातले खानदेशचे रोशा गवत. संस्कृत 'रोहिष'चा रोशा. त्याचे तेल पूर्वी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. तेव्हा नावावरून फसणारे आपणच पहिले नव्हे.

ओळख सोपी आहे. पान चोळल्यावर लिंबासारखा स्वच्छ वास आला तर गवती चहा. त्यातले सिट्रल हे त्याचे कारण. वास उग्र, मलमासारखा आला तर सिट्रोनेला.

सभासदाने सगळे ठोंब उपटून मुरबाडहून वहिनींच्या परसातले आणून लावले आहेत. ते आता चांगले फुटलेत. कोणाला हवे असतील तर गट कार्यालयात नाव नोंदवावे. वास घेऊनच देईन.