चाकासारखा विषाणू आणि तान्ह्यांचे जुलाब

हुबळीतील दुर्गदबैलच्या बाजारात सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, आणि घरात कोणास जुलाब झाले की दोष बहुधा त्या गाड्यांवर येतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत तो कधी खराही असेल. परंतु आठ महिन्यांच्या तान्ह्याने गाडीवरचे काय खाल्ले? मग वडीलधारी मंडळी दुसरे कारण पुढे करतात : दात येत आहेत, जुलाब व्हायचेच. या समजुतीपायी मोलाचे दोन दिवस निघून जातात, आणि आम्हांस चिंता वाटते ती त्या दोन दिवसांची.

तान्ह्यांच्या जोराच्या जुलाबांमागे पुष्कळदा रोटाव्हायरस नावाचा विषाणू असतो. 1973 साली मेलबर्न येथे डॉ. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्यांत तो शोधून काढला. तो चाकासारखा दिसतो, आणि लॅटिन भाषेत चाकास ‘रोटा’ म्हणतात. लहान आतड्याचे अस्तर तो नासवितो. मग अन्नपाणी नीट शोषले जात नाही. ताप, वांत्या व पाण्यासारखे जुलाब होऊन मुलाचे डोळे खोल जातात, लघवी कमी होते. हातांवर व खेळण्यांवर हा विषाणू टिकून राहतो आणि अत्यल्प प्रमाणातही बाधतो. म्हणूनच लस येण्यापूर्वी, साबण व नळाचे पाणी मुबलक असलेल्या श्रीमंत देशांतही पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलास तो गाठीत असे. स्वच्छता हवीच, पण येथे ती एकटी पुरत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत 1985-86 च्या सुमारास डॉ. महाराज किशन भान यांस काही नवजात बालके अशी आढळली की, ज्यांस हा विषाणू लागूनही जुलाब झाले नव्हते. त्याच सौम्य विषाणूपासून पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने ‘रोटाव्हॅक’ लस सिद्ध केली. दिल्ली, पुणे परिसर व वेल्लोर येथील 6,799 बालकांवर तिची परीक्षा झाली. पहिल्या वर्षात या विषाणूचे तीव्र जुलाब सुमारे 56 टक्क्यांनी घटले. 2016 साली चार राज्यांत आरंभ होऊन 2019 साली ती सरकारी लसीकरणातून कर्नाटकातही मिळू लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ ही लसही याच कामाची.

छप्पन म्हणजे शंभर नव्हेत, हे आम्ही लपवीत नाही. शिवाय जुलाबाची इतर कारणे या लसीने टळत नाहीत. तेव्हा जुलाब सुरू होताच मीठ-साखरेच्या सरकारी पुडीचे पाणी, एका पुडीस एक लिटर या मापाने, चमच्याचमच्याने पाजावे. नासलेले आतडेही साखरेच्या सोबतीने मीठ व पाणी आत घेते. ‘पोटास विश्रांती’ म्हणून अंगावरचे दूध तोडणाऱ्या आजीबाईंस मात्र घरच्यांनी आदराने थांबवावे. मूल मलूल पडले, पाणी ठरेना, किंवा शौचातून रक्त गेले, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. लसीनंतर क्वचित आतड्यात आतडे अडकण्याचा संभव असतो. तेव्हाही मूल कळवळून रडते व रक्त पडते.

लस तोंडानेच द्यावयाची असून सरकारी केंद्रांत विनामूल्य आहे : सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. पहिली मात्रा वर्षाच्या आत मिळालीच पाहिजे. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि नेमके याच आठवड्यांत मायलेकरे सासरी परततात. लसीचे कार्ड माहेरच्या कपाटात राहते. ते बाळाच्या दुपट्यांबरोबर आधी बांधून घ्यावे.