अडलेलं अक्षर सोडून पुढे चला

मोडी लिपीचा वर्ग संपतो, मुळाक्षरं पाठ होतात, आणि पहिलं जुनं पत्र हातात आलं की शिकणारा तिसऱ्या-चौथ्या ओळीत अडकतो. एक अक्षर काही केल्या लागत नाही. ते बिनचूक लागल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, या हट्टापायी तास जातो आणि कागद बाजूला पडतो. मेहनत त्याने भरपूर केलेली असते. चुकलेली असते ती वाचायची रीत.

मोडीची घडणच तशी आहे. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली लेखणी होईल तितकी कमी उचलत लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून अक्षर शब्दावरून लागतं, शब्द मजकुरावरून, आणि मजकूर पत्र शेवटपर्यंत वाचल्यावर कळतो.

त्यासाठी तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत ओळखीचं तेवढं उतरवा. ‘राजश्री’, ‘विनंती’, ‘बहुत काय लिहिणे’ ही ठरीव वळणं पत्रापत्रांत भेटतात. ती आधी सापडतील. समजा, चौथ्या ओळीत ‘तो’ लागला आणि पुढच्या अक्षराचा फक्त काना दिसतोय. तोटा, तोडा, तोफा, काहीही असू शकेल. तिथे एक टिंब द्या आणि पुढे चला. न लागलेल्या प्रत्येक अक्षराला एकेक टिंब. शेवटची ओळ मात्र गाठायचीच.

दुसऱ्या फेरीत टिंबांकडे परत या. सातव्या ओळीत ‘दारूगोळा’ वाचलेला असेल, तर चौथ्या ओळीत तोफा असाव्यात. तरी लगेच लिहू नका. याच हाताने लिहिलेला ‘फौज’ शब्द पत्रात कुठे आहे का पाहा आणि दोन्हीकडचा ‘फ’ ताडून घ्या. जुळला, तर टिंब पुसा.

तिसरी फेरी दुसऱ्या दिवशी करा, शक्य तर जाणकाराला शेजारी बसवून. तरीही जे लागणार नाही, तिथे कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाला खात्रीचं रूप कधीच देऊ नका. हट्ट सोडायचा आहे, काटेकोरपणा नाही.

अडून न बसता पुढे जाण्याचा फायदा मोठ्या कामातही दिसतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड 1898 मध्ये काढला आणि पुढे खंडामागून खंड काढत एकूण बावीस प्रसिद्ध केले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांतल्या काही गोष्टी दुरुस्त केल्या. छापलेला खंड समोर होता, म्हणूनच ती दुरुस्ती होऊ शकली.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसं फार थोडी. तुम्ही मोडी शिकला असाल, तर आज एक पत्र घ्या आणि टिंबं देत का होईना, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.