उष्ण कटिबंधातील बर्फ : मायकेल मार्टिनेझ यांची कारकीर्द

हिवाळी ऑलिम्पिक ही शीत प्रदेशांची मक्तेदारी मानली जाते. प्रस्तुत लेखात फिलिपाईन्सचे फिगर स्केटर मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ यांच्या उदाहरणाद्वारे, हिमवर्षाव न होणाऱ्या देशातील खेळाडू या क्षेत्रात कसा घडतो, हे तपासावयाचे आहे.

१९९६ साली जन्मलेल्या मार्टिनेझ यांना बालपणापासून दम्याचा विकार होता. मैदानी खेळ वर्ज्य ठरल्याने ते मनिला महानगरातील एका मॉलमधील कृत्रिम बर्फाकडे वळले. येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. शीत देशांत बर्फाचे मैदान ही बहुधा सार्वजनिक क्रीडासुविधा असते. फिलिपाईन्समध्ये ते मॉलच्या व्यवसायाचा भाग होते. साहजिकच हौशी ग्राहकांच्या गर्दीत उड्यांचा सराव करणे दुरापास्त होते. पुढील प्रशिक्षणासाठी कॅलिफोर्निया गाठावे लागले. मुलाच्या खर्चासाठी कुटुंबाने घर गहाण ठेवल्याचे वृत्त २०१४ मध्ये जगभर प्रसिद्ध झाले. या वृत्तातील भावनिक अंशावरच माध्यमांनी भर दिला; क्रीडाव्यवस्थेने उचलावयाचा भार कुटुंबावर का पडला, हा प्रश्न मात्र मागे राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२०१३ मध्ये जर्मनीतील नेबेलहॉर्न स्पर्धेतून ते ऑलिम्पिकसाठी पात्र ठरले. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये ते फिलिपाईन्सचे एकमेव खेळाडू व ध्वजवाहक होते. १९९२ नंतर प्रथमच तो देश हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरत होता. पाय पाठीमागून डोक्यावर धरून घ्यावयाची ‘बीलमान’ गिरकी पुरुषांत विरळा. ती त्यांचे वैशिष्ट्य ठरली. पहिल्या लघु फेरीतील चोवीसच स्पर्धक मुक्त फेरीत जातात. मार्टिनेझ तेथे पोहोचले व अखेरीस १९ वे आले.

२०१८ मध्ये चित्र पालटले. स्वीडनने आपली जागा सोडल्यामुळे त्यांना प्योंगचांगला प्रवेश मिळाला, परंतु २८ व्या क्रमांकामुळे मुक्त फेरी हुकली. एकाच खेळाडूच्या जिद्दीवर उभी राहिलेली परंपरा किती नाजूक असते, हे येथे दिसते.

तथापि तोवर या प्रदेशात ते एकटे राहिले नव्हते. २०१७ च्या क्वालालंपूर येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत फिगर स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला. मॉलच्याच बर्फावर घडलेले मलेशियाचे ज्युलियन यी हेही प्योंगचांगला उतरले. ते २५ वे आले. मुक्त फेरी एका क्रमांकाने हुकली.