भंगारातली सायकल पुन्हा रस्त्यावर कशी येते? आणि विकणाऱ्याला त्यात उरतं किती?

तारीख होती 3 जून 2020. जागतिक सायकल दिन. सोशल मीडियावर सायकलींचे फोटो फिरत होते आणि नेमकं त्याच दिवशी अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. 1951 साली सोनिपतमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा तो शेवटचा चालू कारखाना होता.

कारखाना बंद झाला, पण अ‍ॅटलसच्या सायकली काही गायब झाल्या नाहीत. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या गावच्या पडवीत त्या आजही धूळ खात उभ्या आहेत. आजोबांनी घेतलेली, टाकायला जीव होत नाही म्हणून ठेवलेली.

या सायकली विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि नव्या सायकलीपेक्षा कमी किमतीत विकायच्या, असा एक छोटा धंदा आहे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यासारख्या ठिकाणी तर अशा सायकलींना तोटा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण या धंद्याचं गणित थोडं वेगळं आहे.

जुनी म्हणजे विंटेज का?

पहिली गल्लत इथेच होते. ऑनलाइन जाहिरातीत 'विंटेज' हा शब्द आला की किंमत वाढते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची साधी सायकलसुद्धा विंटेज म्हणून खपवली जाते.

ढोबळ मानाने जुन्या सायकलींचे दोन गट करता येतात. एक, इंग्लंडहून आलेल्या रॅले, हंबर, रज, बीएसए अशा सायकली. यांचे ग्राहक बहुतेक संग्राहक असतात. त्यांना मूळ रंग, मूळ घंटी, मूळ ब्रूक्सची चामडी सीट हवी असते. दुसरा गट म्हणजे स्वातंत्र्यानंतर भारतात तयार झालेल्या हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस. दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी वापरलेली काळी, दांड्याची, बिनगिअरची सायकल.

स्वस्तात विकायची असेल तर छोट्या व्यापाऱ्याच्या कामाचा आहे तो हा दुसरा गट. कारण सुट्या भागांचं.

सुटे भाग मिळतात, म्हणून सायकल स्वस्त पडते

या काळ्या सायकलीची मापं कित्येक दशकं जवळपास तीच राहिली. 28 बाय दीड इंची टायर, कॉटर पिनने बसवलेले क्रँक, जाड चेन, एकच फ्रीव्हील. कंपनी बंद पडली तरी हे भाग लुधियानाहून येतात आणि तालुक्याच्या सायकल दुकानातही मिळतात.

जुन्या रॅलेची गोष्ट वेगळी. या कंपनीने पेडलच्या एक्सलचे कप बसवायला स्वतःचे आटे वापरले. इंचात 26. बाकीच्या कंपन्यांचे असायचे 24. त्यामुळे बाजारातला साधा कप तिथे बसतच नाही. जोर लावून बसवला तर फ्रेमचे आटे जातात. म्हणजे नावाला भुलून घेतलेली सायकल एका छोट्या भागासाठी महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहू शकते.

तुमच्या घरात जुनी इंग्रजी सायकल असेल आणि तिच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर हबवरची धूळ पुसून बघा. अनेक हबवर उत्पादनाचं साल छापलेलं असतं. '52' म्हणजे 1952. अर्थात चाक नंतर बदललेलं असू शकतं, त्यामुळे फ्रेमवरचा नंबरही बघावा लागतो.

नफा विकताना नाही, घेताना ठरतो

एक उदाहरण घेऊ. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत.

समजा, एक सायकल 1,200 रुपयांना घेतली. दोन टायर-ट्यूब 900, चेन आणि फ्रीव्हील 450, ब्रेकची रबरं, छर्रे आणि कॉटर पिना 350, सीट 400, टेम्पोचं भाडं 200. झाले 3,500. ती 5,000 ला विकली तर हातात राहिले 1,500. यातच दोन दिवसांची मजुरी, जागेचं भाडं आणि विकल्या न जाणाऱ्या सायकलीत अडकलेले पैसे.

आता याच सायकलीला 1,800 रुपये घालून पावडर कोटिंग केलं तर खर्च गेला 5,300 वर. म्हणजे विकायच्या किमतीच्याही वर. किंमत वाढवावी, तर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात नवी का घेऊ नये?

म्हणून जाणकार व्यापारी चमकवण्यावर पैसे घालत नाही. रंग उडालेला चालतो, फ्रेम वाकलेली चालत नाही. सायकल घेताना तो आधी बाजूने चिमटा सरळ आहे का बघतो, फ्रेमच्या जोडांपाशी भेग शोधतो, हँडलचा आणि सीटचा दांडा गंजून आत धरलाय का ते हलवून बघतो. आत धरलेला दांडा काढण्यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही.

ओव्हरहॉलिंगमध्ये नेमकं काय होतं?

सायकल पूर्ण खोलली जाते. हब, हँडल आणि पेडलच्या एक्सलमधलं जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने धुतात, छर्रे बदलतात, नवं ग्रीस भरतात. चाकाचा आउट काढतात, म्हणजे तारा कमी-जास्त ताणून चाक डुगडुगणार नाही असं करतात. या कामाला हात बसलेला माणूस लागतो आणि असे कारीगर आता सहज सापडत नाहीत.

एक गिअर म्हणजे दाते नीट निवडावे लागतात. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात 28 इंची सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मागे 20 दात्यांचं फ्रीव्हील लावलं की अंतर पाच मीटरच्या थोडं खाली येतं, पण चढावर पाय कमी दुखतात. फक्त फ्रीव्हील बदलण्याचा खर्च, आणि रोज चढ चढणाऱ्या गिऱ्हाइकाला मोठा फरक.

गिअरची जुनी सायकल बिनगिअरची करायची असेल तर मागचं चाक बसतं ती खाच आडवी हवी. चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता आली पाहिजे. खाच उभी असेल तर वेगळा टेन्शनर लावावा लागतो.

आणि कायद्याचं काय?

सगळ्यात मोठा धोका चोरीच्या सायकलीचा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला जागा असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून विकणाऱ्याची सही असलेली पावती, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फ्रेम नंबरचा फोटो ठेवणं गरजेचं. जुन्या सायकलीचं बिल बहुतेकांकडे नसतंच, त्यामुळे हा कागद जास्तच महत्त्वाचा.

फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि विक्री महाराष्ट्रातच असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा म्हटलं की नियम बदलतात.

घेणाऱ्याने काय विचारावं?

एकच प्रश्न पुरेसा आहे: "यात काय काय बदललंय?" चांगला व्यापारी यादी सांगतो. टायर नवे, चेन नवी, सीट जुनी, रंग मूळचा. आणि न विचारता हेही सांगतो की स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा जपून चालवा.

हे सांगितल्याने एखादं गिऱ्हाईक परत जातंही. पण पाच हजारांच्या सायकलीत कंपनीची वॉरंटी नसते, असतो तो विकणाऱ्याचा शब्द. पहिल्याच पावसाळ्यात ब्रेक लागला नाही, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि त्याच्या सोसायटीतली जिन्याखालची सायकलही मग या दुकानात येत नाही.